शेकरा दिसल्यावर

"मग दिसल्यावर काय करता तुम्ही?"

आहुपे गावाच्या राईबाहेर, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानाबाहेर, एका मावशींनी हे विचारलं, तेव्हा आमच्यातलं कुणी हसलं, कुणी "फोटो काढतो" म्हणालं आणि मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडण्यात उगाच वेळ घालवला. विचारण्यात खोच नव्हती, टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ही पुण्याची माणसं अंधारात उठून, गाडीत डिझेल ओतून इतक्या लांब येतात, मान मोडेस्तोवर झाडांचे शेंडे बघत बसतात, शेकरा, म्हणजे शेकरू, झाडावरची ती मोठी खार, शोधतात. तो सापडतो. बरं, पुढे? हिरडा दिसला तर वेचता येतो, सरपण दिसलं तर मोळी बांधता येते, करवंद दिसलं तर तोंडात टाकता येतं. शेकऱ्याचं काय करतात? परतताना मंचरपर्यंत गाडीत जुनी गाणी चालू होती, कुणाला किती पक्षी मिळाले यावरून मागच्या सीटवर वाजलं होतं, आणि मी खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात मावशींना उत्तरं देत होते. एकही धड नव्हतं. "निसर्गाचा आनंद घेतो" हे तर तोंडापर्यंत येऊन मागे फिरलं. त्या वाक्याला सहल कंपनीच्या जाहिरातपत्रकाचा वास आहे.

फाल्गुन उतरणीला लागला होता. होळी होऊन गेलेली, गावोगावच्या चौकांत काळी राख अजून पसरलेली. घोडेगाव मागे पडलं की डिंभ्याचं पाणी दिसायला लागतं. पावसाळा संपता संपता काठोकाठ असलेला हा जलाशय या दिवसांत खाली खाली सरकत जातो आणि पाणी जसजसं मागे हटेल तशा त्याच्या रेघा काठाच्या उघड्या मातीवर राहतात. जुनं आंबेगाव याच पाण्याखाली आहे. ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं ते गाव धरणात गेलं, कारभार घोडेगावात चालतो, आणि नाव मात्र सातबाऱ्यांवर अजून आंबेगावचंच. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं की जुन्या देवळांचे दगड वर येतात आणि लोक होडीनं किंवा चालत तिथवर जाऊन येतात. मी तिथं कधी गेले नाही. का कोण जाणे, जावंसं वाटत नाही. दुसऱ्याच्या बुडालेल्या घरात डोकावणं काही बरं नव्हे.

काठावरच्या काटेसावरीवर भोरड्यांचं कडं बसलं होतं. पळसमैना म्हणा, भोरड्या म्हणा. गुलाबी अंग, काळं डोकं आणि अखंड कचाकचा भांडण. एकही पान नसलेल्या झाडावर लालबुंद, जाड, तळहाताएवढी फुलं, आणि प्रत्येक फुलावरून मारामारी. फुलांचे परागकण कपाळावर माखलेले. आणखी महिनाभरात या सगळ्या उडून जातील, मध्य आशियाच्या माळांवर टोळांच्या मेजवानीवर पिल्लं वाढवतील आणि पावसाळा सरता सरता पुन्हा आपल्या ज्वारीवर हजर. आपल्याकडे फक्त खायला यायचं आणि बाळंतपण तिकडे, असा यांचा व्यवहार. आम्ही गाडी थांबवून खाली उतरलो. फूल पडलं की जमिनीवर धप्प असा आवाज होतो, फुलाला शोभणार नाही इतका मोठा. गाडीतल्या एका मुलीनं असं एक फूल उचलून कानाशी हलवून पाहिलं. आत मुंग्या होत्या. तिनं ते पटकन टाकलं.

आहुप्याला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि वारा चांगलाच गार. या दिवसांचं हेच असतं, सकाळी स्वेटर हवा आणि दहा वाजता तोच कमरेला बांधून फिरायचं. रान पाहायला फाल्गुन सोयीचा. गवत वाळून खाली बसलेलं, निम्मी झाडं उघडी, लांबवर नजर जाते. पण चालायला हा महिना वाईट. पाऊल टाकावं तिथं पाचोळा. पाचोळ्यात सरडा धावला तरी मोठं जनावर आलं असं वाटून सगळे थबकतात आणि आम्ही दहाबाराजण चालायला लागलो की पुढच्या डोंगरावर वर्दी जाते. पुढे वाट दाखवणारा गावातला मुलगा मात्र त्याच पाचोळ्यातून कसलाही आवाज न करता जात होता. मी त्याच्या पायांकडे बघून तसंच पाऊल टाकायचा प्रयत्न केला. टाच आधी की चवडा आधी, काही कळलं नाही. शेवटी नाद सोडला.

वाटेवर कुंभ्याची फुलं पडली होती. कुंभा रात्री फुलतो आणि सकाळी सगळं मातीत टाकून मोकळा होतो. पांढरे-गुलाबी केसर पसरलेले, वास थोडा उग्र, थोडा शिळ्या दुधाकडे झुकणारा. ज्याला आवडतो त्याला आवडतो. अंजनी मात्र कुणालाही आवडावी अशी. ऐन फांदीला, बुंध्यालासुद्धा, निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटलेले. कुसुंबाला तांबडी पालवी, हिरड्याला नुकती कुठे कोवळी पानं, आंब्याचा मोहर अर्धा झडून बाजरीएवढ्या कैऱ्या धरलेल्या. करवंदीच्या जाळीजवळून गेलं की गोडसर वास येतो आणि दोन पावलं पुढे गेलं की नाहीसा होतो, मागे वळून शोधायला गेलं तर सापडत नाही. या सगळ्यात मधूनच धुराचा वास. खालच्या वाडीत कुणीतरी राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पसरलेला पालापाचोळा, भाजायला घेतला होता. माझं शहरी नाक धूर आला की घाबरतं, वणवा वाटतो. वाटाड्या म्हणाला, "राब हाय, वणवा न्हाय. वणव्याचा वास यगळा." कसा वेगळा ते त्याला सांगता येईना. "यगळा म्हंजी यगळा."

ओढ्यात पाणी वाहत नव्हतं, पण एका कातळाखाली डबकं उरलं होतं. तिथं कस्तूरानं दोनतीन सूर लावले आणि गप्प झाला. शीळकरी कस्तूर, पावसाळ्यात घाटांतून माणसासारखी शीळ घालतो तोच. आमच्यातल्या एका तरुणानं ताबडतोब मोबाइल वर धरला. त्याच्याकडे मर्लिन अ‍ॅप आहे, आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. पक्षी पुन्हा बोलला नाही, त्यामुळे अ‍ॅपही बोललं नाही, त्यामुळे यादीत कस्तूर आला नाही. "तुम्ही ऐकलात ना, मग टाकू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, टाक. तो जरा घुटमळला, मग नाही टाकला. मला त्याचा राग आला आणि लगेच कौतुकही वाटलं. पुराव्याशिवाय नोंद करायची नाही ही शिस्त चांगलीच. अशा हजारो लोकांच्या याद्यांवरूनच तर आज कुठला पक्षी कुठे कमी होतोय ते कळतं. पण त्याचा अंगठा स्क्रीनवर असताना समोरच्या कातळावरून धोबी उडून गेला आणि तो त्याला दिसलाच नाही, हेही खरं.

पुढे सावरीच्या खाली ओरबाडलेल्या पाकळ्या आणि लेंड्या. भेकर रात्री येऊन फुलं खाऊन गेलं होतं. त्याच वाटेवर, जरा अंतरावर, केसांनी भरलेली वाळकी विष्ठा. वाटाड्यानं काडीनं उलगडून दाखवली. "वाघरू," तो म्हणाला. इकडे बिबट्याला वाघच म्हणतात. केस भेकराचे होते की कुत्र्याचे, यावर आमच्यात चर्चा झाली. फुलं खाणारं भेकर आणि भेकर खाणारा बिबट्या एकाच पायवाटेनं जातात आणि दोघंही आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला फक्त त्यांची पोटं काय म्हणतात ते वाचायला मिळतं. सगळ्या रानवाटेवर खरं म्हणजे बहुतेक वेळ हेच चालतं. ज्याला आपण प्राणी बघायला जाणं म्हणतो त्यातला मोठा भाग पाकळ्या, लेंड्या, ओरखडे आणि आवाज यांचा.

राईच्या तोंडाशी वाटाड्यानं चपला काढल्या. आम्हीही बूट काढले. लेसा सोडण्यात पाच मिनिटं गेली आणि तेवढ्यात तो आत जाऊन परतही आला. आत पाऊल टाकलं की हवाच बदलते. बाहेर वाळलेलं, पिवळं, कोरडं. आत सावली, ओल, पायाखाली मऊ कुजकी पानं. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, त्यांचं मूळ कुठलं आणि शेंडा कुठला ते शोधणं अशक्य. इथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया शोधत हिंडले आणि त्यांनी त्यांवर लिहिलं, तेव्हा शहरातल्या शिकलेल्यांना कळलं की रान राखायची आणखीही एक रीत आहे. गावाला ते ठाऊकच होतं. भीमाशंकर अभयारण्य झालं १९८५ साली, तेही मुख्यतः शेकरूसाठी. राई त्याच्या कितीतरी आधीची, आणि तिच्या वेशीवर ना पाटी ना चौकी.

आम्ही बसलो. शेकरू शोधायचा म्हणजे बसायचं. आधी घरटी दिसली. शेंड्याकडच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचे मोठे गोळे. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, कुठल्यात तो आहे ते घरट्याकडे बघून सांगता येत नाही. ही युक्ती गरुडासाठी, पण ती आम्हालाही लागू पडत होती. मग बराच वेळ काही नाही. तांबटाचा टुक टुक टुक. कुणाच्यातरी पोटाचा आवाज. एका काकांना डास चावत होते आणि ते प्रत्येक डासाचा जाहीर निषेध करत होते. मग माझ्या मांडीवर काहीतरी पडलं. कोवळ्या पानाचा देठ, ताजा, दातांनी तोडलेला. मग आणखी एक. वर बघितलं, पानं, पानं, आभाळाचे तुकडे, आणि त्यांच्या मधोमध एक लांब तांबूस शेपूट सरळ खाली लोंबत होतं. त्याच्यावर शेकरू. मागच्या दोन पायांनी फांदी धरून उलटा लटकलेला, पुढच्या दोन हातांत कोवळी डहाळी, आणि शांतपणे, अतिशय नीटनेटकेपणानं खाणं चाललेलं. कोवळं तेवढं खायचं, देठ टाकून द्यायचा. पाठीवर मरून रंग, पोट पिवळट, कानांच्या मागे उन्हाची कड.

तो किती वेळ दिसला ते माहीत नाही. मग कॅमेऱ्याची खटखट सुरू झाली आणि तो फांदीला चपटा चिकटला. डोळ्यांदेखत नाहीसा झाला म्हणायला हरकत नाही. जिथं होता तिथंच होता, आणि तरी आमच्यातल्या निम्म्यांना तो सापडेना. "कुठे? कुठे?" "ती वाय दिसतेय का? तिच्या डावीकडे." "कुठली वाय?" मग त्यालाच कंटाळा आला असावा, किंवा त्याला वाटणारी आमची भीती संपली असावी. एक दणदणीत खडखडाट केला, धावत फांदीच्या टोकाशी गेला आणि उडी मारली. शेकरू वीस फुटांपर्यंत उडी मारतो हे वाचलेलं असतं. वाचलेलं आणि पाहिलेलं यांच्यात हवेतला एक क्षण असतो, ज्यात चारी पाय पसरलेले असतात, शेपूट मागे ताणलेलं असतं आणि खाली धरायला काही नसतं. पलीकडची फांदी वाकली, सावरली. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

मोठी लेन्स असलेल्या मुलीच्या फोटोंत तो सुरेख आलाय. डोळ्यातली चमकसुद्धा. माझ्या तरुणपणी आमच्या ट्रेकिंगच्या टोळीत एकाकडे कॅमेरा असायचा, छत्तीस फोटोंचा रोल, आणि त्यातले निम्मे गडावर दगडावर पाय ठेवून उभे राहिलेल्या आमचेच. भीमाशंकरला काढलेल्या एका फोटोत हिरव्या गिचमिडीत एक तपकिरी ठिपका होता. तो शेकरू आहे असं मी आईला पटवत असे. "हा?" "नाही गं, हा पान आहे. हा." आई म्हणायची, "असेल." तो फोटो अजून आहे, आणि आता मलाही कुठला ठिपका शेकरूचा ते खात्रीनं सांगता येत नाही. तरी त्या फोटोपाशी बोट थांबतं. नव्या फोटोतल्या डोळ्यातल्या चमकेपाशी का थांबत नाही याचं कारण कदाचित माझं वय असेल, कला नव्हे.

राईतून बाहेर आलो, बूट घालत होतो, तेव्हा त्या मावशी भेटल्या. डोक्यावर पातेऱ्याचं, वाळक्या पानांचं, भलंमोठं गाठोडं, राबासाठी चाललेलं. राईबाहेरच्या झाडांखालून गोळा केलेलं. गाठोडं उतरवून बांधावर टेकल्या, पाणी मागितलं, प्याल्या. "काय बघायला आलता?" शेकरू म्हटल्यावर त्यांनी वर न बघता हनुवटीनं एक झाड दाखवलं. "त्या उंबरावं असतोय कवाबी." आम्ही वर बघितलं. उंबरावर घरटं होतं, येताना त्याच्याखालून आम्ही सगळे गेलो होतो. मग तो प्रश्न आला. फोटोचं उत्तर त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. मग मीच उलट विचारलं, तुम्हाला दिसला तर तुम्ही काय करता? त्या जरा विचारात पडल्या. "वाघ दिसला तर घरात जातो. डुक्कर दिसलं तर हाकलितो. वांदरं दिसली तर दगूड मारितो." आणि शेकरा? "शेकरा दिसला तर दिसला."

हे वाक्य मला फार आवडलं, आणि आवडलं म्हणून मी त्याच्याकडे जरा संशयानं बघते. आपण शहरातली माणसं डोंगरातल्या बाईच्या तोंडून एखादं सोपं वाक्य ऐकलं की लगेच त्यात तत्त्वज्ञान शोधतो. मावशींना तत्त्वज्ञान सांगायचं नव्हतं. पुढचा अर्धा तास त्या हिरड्याबद्दल बोलत होत्या. यंदा पालवी उशिरा आहे, बाळहिरडा किती धरेल, व्यापारी काय भाव देईल. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा ऐन हंगामातला हिरडा गळून गेला, तो हिशोब त्यांच्या डोक्यात अजून ताजा. "शेकरा खातो, वांदर खातं, वारा पाडतो, उरंल ते आमचं." त्यात शेकऱ्यावर राग नव्हता, मायाही नव्हती. वाटणीतला एक हिस्सेदार. राग वांदरांवर होता. आणि थोडा आमच्यावरही असावा, अभयारण्य म्हणजे आमच्यासारख्यांना बघता यावं म्हणून त्यांच्यावर घातलेली बंधनं, असं त्यांना वाटत असेल तर ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. त्या तसं बोलल्या मात्र नाहीत.

आणि दुसरी बाजू सोपी असती तर बरं झालं असतं. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याची सगळी रहदारी वरून, फांदीला फांदी लागली तरच. राबासाठी झाडं खांडली, कवळ म्हणजे पानांच्या डहाळ्या तोडल्या, की वरचा रस्ता तुटतो, आणि मग राईतला शेकरू राईतच अडकतो. पण राब नाही तर भाताचं रोप नाही, आणि भात नाही तर मावशी इथं कशाला राहतील? त्या नसतील तर राईत काटकी न उचलण्याचा दंडक कोण पाळेल? आम्ही? आम्ही ज्या रस्त्यानं आलो त्या रस्त्यासाठी किती फांद्या गेल्या असतील, ते कुणी मोजलं नाही. मी या विचारात कुठल्याच टोकाला पोचत नाही. पोचलेली माणसं भेटतात, दोन्ही टोकांना, आणि ती सहसा फाल्गुनात रानात भेटत नाहीत, सभागृहात भेटतात.

'दिसला तर दिसला' हे ज्याच्या उंबरठ्याशी शेकरू आहे त्यालाच परवडतं, हेही आहे. रेनी बोर्जेस यांनी १९८० च्या दशकात भीमाशंकरच्या रानात शेकरूंवर डॉक्टरेटचं काम केलं. कुठल्या ऋतूत तो काय खातो, पान की फळ की साल, हे झाडाखाली थांबून टिपत राहायचं. गावातल्या एखाद्या मावशींनी त्यांनाही हटकलं असेल, दिसल्यावर काय करता म्हणून. त्यांच्याकडे उत्तर होतं. तो काय खातो ते लिहिते. त्या उत्तराचा मला हेवा वाटतो. पूर्वीच्या शिकाऱ्याकडेही उत्तर होतं, फार वाईट, पण होतं. लेन्सवाल्या मुलीकडे आहे, अ‍ॅपवाल्या मुलाकडे तर तारीख-वेळेसकट आहे. नुसतं बघून परत येणारे आमच्यासारखे मात्र मधल्यामध्ये लोंबकळतात.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर नुसतंच बघितलं. सरकारी नोकरी, सायकल, पर्वती नाहीतर वेताळ टेकडी. दुर्बीण त्यांनी कधी घेतली नाही. दिसलेलं ते कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचे, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. 'दूध दीड. तांबट सुरू.' 'दूध नाही. पांगारा.' 'गॅस लावला. सावर फुलली, गेल्या वर्षीपेक्षा उशिरा.' वर्ष संपलं की कालनिर्णय रद्दीत. एकही त्यांनी जपून ठेवलं नाही, आणि मी मोठी होऊन हळहळले तेव्हा म्हणाले, "अगं, मला आठवतंय ना." आता ते पंचाऐंशीच्या घरात आहेत आणि वरचे बारीक सूर कानांतून गेले आहेत. शिंजीर खिडकीतल्या जास्वंदीवर येऊन ओरडतो, त्यांना फक्त चोच हलताना दिसते. तांबट ऐकू येतो, भारद्वाजाचा घुमारा ऐकू येतो. यंत्र आणलंय, ते टीव्हीच्या वरच्या डब्यात आहे.

रानातून आलं की मी आधी त्यांच्याकडे जाते. ते यादी विचारत नाहीत. किती वाजता? कुठल्या झाडावर? ऊन कुठून होतं? खात होता तर काय खात होता? आणि मग माझ्या प्रत्येक गोष्टीवर शंका काढतात. मावशींना सांगायला हवं होतं, दिसल्यावर मी घरी जाऊन वडिलांशी भांडते. त्यांना ते बहुधा पटलंही असतं.

या खेपेला कस्तूरावरून पेटलं.

"फाल्गुनात कस्तूर शीळ घालत नाही," बाबा म्हणाले.

"घातली."

"कुठे?"

"ओढ्यात, कातळाखाली डबकं होतं तिथं."

"दयाळ असेल. दयाळ आता गायला लागतो."

"बाबा, मला दयाळ कळतो."

"किती सूर?"

"दोनतीन."

"मग ती शीळ नव्हे. गळा साफ करत असेल. रेकॉर्ड केलंस?"

"नाही केलं."

"त्या मुलाच्या फोननं काय सांगितलं?"

"काही नाही सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही."

"फोनला ऐकू आलं नाही आणि तुला आलं." ते खूश झाले होते, ते त्यांच्या बोटांवरून कळतं, चहाच्या कपाच्या कडेवर टिचकी वाजते. "मला ने एकदा. ती शीळ मला अजून ऐकू येईल, तेवढी काही वरची नाही ती."

"डिंभ्याच्या पुढे रस्ता वाईट आहे. पाठ मोडते."

"गुडघे गेलेत माझे," बाबा म्हणाले, "पाठ ठणठणीत आहे. आणि येताना घोडेगावात मिसळ खायची."